उपाशी ठेवायचे पाहुणे

नेल्वाला सातवा महिना लागला होता आणि झऱ्याच्या पाण्यावर अजूनही रोज सकाळी तवंग येत होता. डेल्फिना तांगिला उजाडताना खाली उतरायची, केळीच्या देठाने पाण्यावरची ती पातळ कातडी हळूच बाजूला सारायची आणि तिच्याखालचे पाणी भोपळ्याच्या वाटीने उचलायची. तवंग देखणा असे. जांभळा, हिरवा, उन्हात हलणाऱ्या पोपटाच्या पंखासारखा. याच पाण्याने तिचा नवरा आतड्यापासून पोखरून नेला, तिच्या लेकीची, नेल्वाची, दोन मुले जन्माआधीच खुडली. कोणत्याही डॉक्टरने तसे लिहून दिले नव्हते, पण पुका याकू गावात ते लिहून घ्यायची कुणाला गरजही वाटत नव्हती.

झऱ्याच्या वर शंभर पावलांवर ते तळे होते. डेल्फिना परकरी असताना तेल कंपनीने ते खोदले, विहिरीतून निघालेले तेल, चिखल आणि खारे पाणी त्यात ओतले आणि एक दिवस सगळी यंत्रे उचलून ती निघून गेली. कंपनीच्या कागदांत त्याला ‘पोहण्याचा हौद’ असे नाव होते. त्यात आजवर फक्त क्लेमेंते शिग्वांगोची गाय उतरली होती. कडक उन्हाळ्यात तिची शिंगे वर दिसत.

यंदा राजधानीहून एक समिती आली आणि तिने दोन वाटा सांगितल्या. एक तर तळे तळापर्यंत उपसून माती स्वच्छ करायची, नाहीतर वरून लाल चिकणमाती लोटून ते ‘बंद’ जाहीर करायचे. पहिली वाट महाग होती. ती साधते हे आधी सिद्ध व्हायला हवे होते. म्हणून तळ्यातला थोडा गाळ काढून पत्र्याच्या छपराखाली त्याचा एक ढीग रचला गेला, आणि त्या ढिगाबरोबर इंजिनिअर हिमेना तोआपांता गावात आली. तिथून चौथ्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत ढिगातले तेल हजार भागांत अडीच भागांवर उतरले तर अख्खे तळे उपसले जाणार होते. नाही उतरले तर चिकणमाती. आणि माती वरून कितीही टाकली तरी तेल खालून झऱ्याकडे चालतच राहणार, हे समजायला कुणाला इंजिनिअर व्हावे लागत नव्हते.

पहिल्या सभेत हिमेनाने हातातली काचेची बाटली उंच धरली होती. आत गढूळ पाणी.

“यात कामकरी आहेत,” ती म्हणाली. “कोट्यवधी. डोळ्यांना न दिसणारे. ते तेल खातात.”

“मजुरी किती?” क्लेमेंतेने विचारले. तो गावाचा प्रमुख होता आणि प्रत्येक बाहेरच्या माणसाला पहिला प्रश्न तोच विचारायचा.

“काही नाही.”

“पितात?”

“पाणी.”

“बायकांकडे बघतात?”

“त्यांना डोळेच नाहीत, काका.”

“मग इतकी वर्षं कुठं लपवून ठेवले होते हे जावई?” सभा हसली. मागून कुणी बाई म्हणाली, “तुमच्यापेक्षा बरेच दिसतात, भावजी,” आणि हशा दुप्पट झाला.

हिमेनाही हसली. डोंगराळ मुलखातली, उकाड्याने लाल झालेली ती पोरगी त्या दिवशी जेमतेम पंचविशीची वाटत होती. “लपवलेले नाहीत. इथलेच आहेत, तळ्याच्या काठावरच्या मातीतले. मी त्यांना फक्त वाढवलं. तुम्ही रान साफ करायला सगळ्या गावाला बोलावता ना? तशी इर्जिक समजा. हे पाहुणे इर्जिकीला आलेत. यांना हवा द्यायची, ओलावा द्यायचा आणि पांढऱ्या खताची मूठ.”

डेल्फिनाने हे शब्द जसेच्या तसे मनात ठेवून घेतले. इर्जिक तिला कळत होती. ढिगाची राखण तिनेच मागून घेतली.

दर तिसऱ्या दिवशी ती फावड्याने ढीग वरखाली करायची, भाताचे तूस मिसळायची, झारीने पाणी शिंपायची. पहिल्या आठवड्यांत तेलाच्या वासाने तिचे डोके धरून येई. मग तो वास विरळ होत गेला आणि मातीला मातीचा रंग आठवू लागला. हिमेना दर पंधरवड्याला चिमूटभर माती तपासायची आणि छपराच्या खांबाला टांगलेल्या फळीवर खडूने आकडा लिहायची. चाळीस. एकतीस. बावीस. पंधरा. अकरा. डेल्फिनाला अक्षरे येत नव्हती, पण आकडे येत होते. उतरणीवरून कुणी घरी परतावे तसे ते उतरत होते, आणि ती त्यांच्याकडे बघत उभी राहायची.

मग आकडा थांबला. अकरा. पुन्हा अकराच्या जरासा खाली.

“सोपं सोपं खाऊन झालंय, मावशी,” हिमेना म्हणाली. “आता हाडं उरलीत. ती चघळायला वेळ लागतो.”

“किती वेळ?”

हिमेना तपासणीसाठी माती पुड्यांत बांधू लागली. तीस तारखेला एकोणीस दिवस होते. दुसऱ्या दिवशी ती मातीच्या पुड्या घेऊन राजधानीतल्या प्रयोगशाळेत गेली, चार दिवसांत येते म्हणाली. त्या चार दिवसांत डोंगरातली दरड कोसळून रस्ता बंद झाला.

हिमेना गेली त्याच संध्याकाळी नेल्वाने कपड्यांची घडी घालायला सुरुवात केली.

“कोकाला जाते,” ती म्हणाली. तिचा दीर त्या शहरात राहत होता. “एक खोली आहे त्यांच्याकडे. पाणी बाटलीतलं मिळतं.”

“विकतचं पाणी पाजून पोर वाढवणार?”

“जिवंत पोर वाढवणार, आई.” नेल्वाने मान वर केली नाही. “दोघांना पोटात असताना तुझ्याच त्या केळीच्या देठाने पाणी गाळून पाजलं. तिसऱ्याला नाही पाजायचं.”

डेल्फिना चुलीतली राख सारखी करत बसली. मग म्हणाली, “तीस तारखेपर्यंत थांब. तळं उपसायला लागले की तुझ्या डोळ्यांनी बघ. नाही उपसलं तर मी स्वतः तुझं बोचकं उचलून देते.”

नेल्वा थांबली. पण घड्या घातलेले कपडे तिने परत उलगडले नाहीत.

पुढच्या पहाटे डेल्फिना ढिगापाशी गेली तेव्हा तो तिला थकलेला वाटला. गार, मुका, दुपारी रानाच्या बांधावर पाठ टेकून पडलेल्या माणसांसारखा. आणि तिला एकदम लाज वाटली. तीन महिने हे लोक तिच्या दारी राबत होते. कोट्यवधी. तिने त्यांना हवा दिली होती, पाणी दिले होते, पांढरी पूड दिली होती. पण इर्जिकीला आलेल्या एकाच्याही ओठाला तिने चिचाची वाटी लावली नव्हती. तिच्या आईने हे पाहिले असते तर? युकाचे कंद उकडून, चावून, आंबवून केलेली ती पांढरी, आंबटगोड चिचा घेऊन घरधनीण रानात उभी नसेल, तर लोक फावडी खांद्यावर टाकून निघून जात, आणि वर्षभर त्या घराच्या नावाने हसत. आई म्हणायची, ज्या रानात माणूस उपाशी राबतो त्या रानातला कंद कडू निघतो. डेल्फिनाच्या हातची चिचा तर नदीच्या दोन्ही काठांवर नावाजलेली. आणि हे पाहुणे मात्र बिचारे तळ्यातली हाडे चघळत होते.

तिने आपल्या रानातले सगळ्यात गोड कंद उपटले. शेजारच्या दोघींना बोलावले. तिघी मिळून उकडलेला कंद कुटत, चावत, मडक्यांत थुंकत बसल्या.

“कुणासाठी एवढं?” एकीने विचारले. “पोरीचं डोहाळजेवण?”

“इर्जिक आहे.”

“कुणाची?”

“माझीच,” डेल्फिना म्हणाली. त्या दोघींनी एकमेकींकडे बघितले आणि चावत राहिल्या.

दोन दिवसांनी चिचा आंबली तेव्हा तिने एकेक मडके छपराखाली नेले आणि झारीऐवजी वाटीने, प्रत्येक बाजूला, कुणी वगळले जाऊ नये अशा बेताने, ढिगावर ओतले. ओतताना ती हळू आवाजात ‘घ्या, प्या’ म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी ढीग जागा झाला. तिने हात खुपसला आणि चटका बसावा तशी ऊब लागली. पृष्ठभागावर बारीक बुडबुडे, पांढरा फेस. सकाळच्या गारठ्यात त्यातून वाफ निघत होती. तेलाचा वास गेला होता. त्या जागी लग्नघराचा वास होता. डेल्फिना गुडघ्यांवर बसली आणि नवऱ्याच्या मरणानंतर पहिल्यांदाच मोकळेपणी रडली.

क्लेमेंते बघायला आला. त्याने मनगटापर्यंत हात आत घातला आणि झटकन मागे घेतला. “वहिनी! यांना तर चढलेली दिसते.”

“पोट भरलं की माणूस कामाला लागतो, भावजी.”

“मग आमच्यासाठी दोन मडकी राखून ठेवा. आम्हीही लागतो कामाला.”

ती हसली. नऊ दिवस ती चिचा करत राहिली. तिच्या रानाचा एक कोपरा रिकामा झाला. नेल्वा लांबून तिच्याकडे बघायची. एकदा ढिगाजवळ येऊन तिने तो वास घेतला आणि तिचा चेहरा किंचित सैल झाला. त्या सैल झालेल्या चेहऱ्यासाठी डेल्फिनाने उरलेले रानही उपटले असते.

हिमेना अठ्ठावीस तारखेला परतली. ट्रकच्या टपावर बसून, चिखलाने माखून. छपरापाशी पोहोचायच्या आधीच ती थबकली.

“हा वास कसला?”

“काम जोरात चाललंय,” डेल्फिना म्हणाली. “हात लावून बघा.”

हिमेनाने हात लावला. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग काहीतरी न जुळणारे. तिने पाच ठिकाणांहून माती घेतली, बाटलीत टाकली, वर तेल विरघळवणारा द्रव ओतून हलवली आणि उजेडात धरली. द्रव काळ्या कॉफीसारखा झाला. तिने बाटली धुतली आणि पुन्हा सगळे केले. तिसऱ्यांदा केले. मग ती फळीपाशी गेली, खडू उचलला आणि काही न लिहिता तसाच हातात धरून उभी राहिली.

“किती?” डेल्फिनाने विचारले.

“साडेदहा.”

“अकराच्या खाली आलं की.”

“मावशी, हे अडीच असायला हवं होतं. किंवा चार तरी. ढीग एवढा तापलाय, म्हणजे कुणीतरी खातंय. बेसुमार खातंय. आणि तेल जिथल्या तिथं.” ती स्वतःशीच बोलत होती. “मग खातायत काय?”

डेल्फिनाने चिचाच्या रिकाम्या मडक्याकडे पाहिले. “त्यांना गोड दिलं तर?” ती म्हणाली. “गोड दिलं तर ते काय करतात?”

हिमेना वळली. “कुणी दिलं?”

“मी. चिचा. तुम्हीच म्हणालात इर्जिक आहे म्हणून.”

मग हिमेना तुसाच्या पोत्यावर बसली आणि तिने दोन्ही हातांत डोके धरले.

“मावशी, तुमच्यापुढे पानात भाजलेला मासा ठेवला आणि शेजारी जुना बूट ठेवला, तर तुम्ही काय खाल?”

“पण तेल त्यांचं अन्न आहे ना? तुम्हीच सांगितलं. इतकी वर्षं तेच खाऊन जगले.”

“दुसरं काही नव्हतं म्हणून. आवडीनं नाही खात ते. उपाशी ठेवले की खातात.” तिने डोके वर केले. “मी सांगायला हवं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही की कुणी त्यांना जेवायला घालेल.”

उपाशी ठेवले की खातात. डेल्फिनाने ढिगाकडे पाहिले. फेस अजून वर येत होता, कृतज्ञ, तृप्त, निरुपयोगी. पुका याकूतली माणसेही दुसरे पाणी नव्हते म्हणून ते पाणी पीत होती. त्यांना कुणी विचारले असते तर त्यांनीही मासाच खाल्ला असता.

“आता?”

“गोड संपलं की ते परत तेलाकडे वळतील. चाळीस दिवस, कदाचित पन्नास. पण आपल्याकडे दोन आहेत.” हिमेनाने डोळे पुसले. “मी अहवालात लिहू शकते की जिवाणू चालले नाहीत. तुमचं नाव कुठेच येणार नाही.”

“आणि मग पुढच्या गावाला?”

“पुढच्या गावाला कुणी ढीग रचून देणार नाही. म्हणतील, एकदा करून पाहिलं.”

“आणि मी खरं सांगितलं तर? चूक त्यांची नव्हती, माझी होती, असं? चाळीस दिवस वाढवून देतील?”

हिमेनाने तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत ‘नाही’ होते, पण ती तरुण होती आणि तोंडाने म्हणाली, “देतीलही.”

तीस तारखेला समितीचे साहेब आले. त्यांचे बूट इतके स्वच्छ होते की ते मोटारीतून उतरून थेट सभेच्या लाकडी ओट्यावर चालत आले असावेत. डेल्फिनाने रिवाजाप्रमाणे चिचाची वाटी पुढे केली. साहेबांनी ती ओठांपर्यंत नेली आणि न पिता खाली ठेवली. हिमेनाने आकडा वाचला. मग डेल्फिना उभी राहिली. तिने कुणालाही न विचारता, सगळ्यांसमोर, जे केले ते सांगितले: कंद, चावणे, नऊ दिवस, ऊब, फेस. “ते काम करत होते,” ती म्हणाली. “मी त्यांना बिघडवलं. त्यांना चाळीस दिवस द्या. मी त्यांना काहीही देणार नाही. उपाशी ठेवीन.”

साहेब क्षणभर गोंधळले. “म्हणजे बाई, तुम्ही जिवाणूंना दारू पाजलीत?”

मागे कुणीतरी फिसकन हसले. मग दुसरे. हसणे असे असते की ते एकदा सुटले की त्याच्यात आपलीही माणसे मिसळतात. क्लेमेंतेनेही तोंडावर हात धरला होता. डेल्फिना त्या हशात उभी राहिली. तिला वाटले, हसू देत, हसलेला माणूस देतो कधी कधी.

साहेबांनी डोळे पुसले आणि लिहिले. लिहिताना ते हसत नव्हते. “माती लोटायचं यंत्र आधीच ठरलेलं आहे, बाई,” ते उठताना सौम्यपणे म्हणाले. “सोमवारी येईल.”

“काय लिहिलं?” तिने हिमेनाला विचारले.

हिमेनाला वाचून दाखवायचे नव्हते. शेवटी तिने वाचले: “समुदायाच्या निष्काळजीपणामुळे चाचणी अयशस्वी. पद्धत या भागासाठी अयोग्य.”

निष्काळजीपणा. तीन महिने ज्या ढिगाला तिने झोपेतही चाळले होते, त्याच्या माथी तो शब्द. आणि पद्धतीचे नाव वाचवायला ती खरे बोलली होती, तेही वाचले नव्हते.

मोटार गेल्यावर क्लेमेंतेचे हसू उतरले. “जीभ आवरता आली नाही वहिनी? चूक केलीत ती केलीत, निदान ती गावाच्या नावावर तरी लावायची नव्हती. आता पुढची पन्नास वर्षं प्रत्येक कागदात आपण दारुडेच.”

बायका डेल्फिनाच्या शेजारून उठून गेल्या, एकेक करून, वाट्या न उचलता.

हिमेनाला परत बोलावून घेतले होते. शनिवारी निघताना ती छपराखाली आली आणि उरलेल्या खताचे पोते डेल्फिनाच्या दारात ठेवून गेली. “हे मोजणार कुणी नाही,” ती म्हणाली. “पण ढीग फेकू नका. ते मेलेले नाहीत.”

डेल्फिनाने तो दिवस आणि रविवार रानात घालवला. उरलेला सगळा युका तिने उपटला, कोवळी रोपेसुद्धा, ज्यांना अजून बोटाएवढाच कंद धरला होता. रिकामे झालेले रान तिने खणून मोकळे केले आणि त्यावर पाहुण्यांसकट ढिगाची माती पसरली. मग कपाळाला पट्टा अडकवून, पाठीवर टोपली घेऊन ती तळ्याच्या झऱ्याकडच्या काठावर गेली आणि काळा गाळ उपसून त्यांच्यापुढे टाकायला रानात आणू लागली. जेवढा झऱ्याच्या सगळ्यात जवळ होता तेवढा आधी. गाळ टोपलीतून पाठीवर ठिबकत होता. तळ्यात तसल्या टोपल्या किती होत्या याचा हिशोब तिने केला नाही; तो करायला बसली असती तर ती उठली नसती.

सोमवारी यंत्र आले. लाल मातीचा पहिला लोट पलीकडच्या काठावरून घसरला आणि तळ्याने तो आवाज न करता गिळला.

“बाई, बाजूला व्हा,” यंत्र चालवणारा ओरडला. “माती ओततोय.”

“ओत की. तुला कोण अडवतंय? मी माझं नेते.”

तो डोके हलवून पुन्हा कामाला लागला. सकाळच्या बसच्या वेळेला नेल्वा रानाच्या बांधावर आली. हातात बोचके होते. ते उचलून देण्याचे वचन डेल्फिनाने दिले होते, पण तिचे हात कोपरांपर्यंत काळे होते आणि तिने ते पाठीमागे धरले.

नेल्वा उघड्या रानाकडे बघत राहिली. जिथे हिरवे होते तिथे काळे पसरले होते. “सगळा युका उपटलास? खाशील काय?”

“बघू.”

“वेडी झालीस का तू? हे संपणार आहे का कधी?”

“नाही.”

“मग चल माझ्याबरोबर. आई, चल.”

“यांना वरखाली करायला कुणी नको?” डेल्फिना म्हणाली. “जा. बस चुकेल. अशा अंगानं इथं उभी राहू नकोस, वास पोटात जातो.”

नेल्वाने तिला मिठी मारायला पाऊल उचलले. डेल्फिना दोन पावले मागे सरकली आणि ओरडली, “हात लावू नको मला!” पोरगी जागीच थिजली. तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले आणि ते गालावर उतरायच्या आत ती वळली. थोड्या वेळाने रस्त्यावर बसचा भोंगा दोनदा वाजला आणि झाडांत विरला.

डेल्फिना रिकामी टोपली घेऊन तळ्यापाशी परतली तेव्हा अर्धे तळे लाल झाले होते. वरून ते खरोखरच बंद झाल्यासारखे दिसत होते. पण मातीचे वजन खालच्या तेलाला ढकलत होते, आणि झऱ्याकडच्या काठावर, तिने सकाळभर उपसलेल्या खड्ड्यात, काळे पाणी नव्याने भरून आले होते. काठ ओलांडून त्याची एक बोटभर रुंदीची धार गवतातून खाली निघाली होती.

तिने टोपली आडवी टाकली, त्या धारेपुढे गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी मातीचा बांध घालू लागली. यंत्राने आणखी एक लोट टाकला. बांधाच्या एका बाजूने धार फुटली. तिने तिकडे माती लोटली. ती दुसऱ्या बाजूने फुटली.